काकांची वीस बोर

नवीन माणूस भेटला की काका आधी नाव विचारत नसत. त्याच्या उजव्या खांद्याखाली, हाड संपून जिथे मऊ खळगी लागते तिथे मूठ टेकवत, हलकेच दाबत आणि म्हणत, "इथे. हाडावर नाही, इथे." बंदुकीचा दस्ता कुठे टेकवायचा ते शिकवायची त्यांची ही रीत. टपाल द्यायला आलेला पोस्टमनही त्यातून सुटला नव्हता.

लहरीपुऱ्यात, साड्यांच्या दोन दुकानांमध्ये चेपून बसलेलं बंदुकांचं एक दुकान होतं. तुम्ही त्या बाजारातून शंभरदा गेला असाल, तरी ते दिसलं नसेल. काका तिथे बंदुका दुरुस्त करत. त्यांचे वडील संस्थानच्या शिकारखान्यात होते. वडिलांच्या मागून हिंडत काका तितर आणि लावे मारायला शिकले. पुढे शिकारीवर बंदी आली, त्या दिवशी त्यांनी ती सोडली. "बंद म्हणजे बंद," एवढंच बोलायचे.

माझी त्यांची गाठ पडली ती माझ्या गरजेने. मी सुभानपुऱ्यात राहणारा, नोकरी करणारा माणूस. वडील गेल्यावर डभोईकडची शेती माझ्याकडे आली आणि तिच्याबरोबर रानडुकरं आली, नीलगायी आल्या. त्यांना इकडे गुजरातीत रोझ म्हणतात. पिकाच्या राखणीसाठी परवाना मिळाला तसा मी बारा बोरची बंदूक घ्यायला त्या दुकानात गेलो. ज्याच्या त्याच्याकडे बाराच असते.

"वीस घ्या ने, भाई," काका म्हणाले.

"ती लहान असते ना?"

"आकडा मोठा तसं नळीचं तोंड लहान. वजन कमी, धक्का कमी. दिवसभर हातात राहते. जी खुंटीवरच राहते ती कसली बंदूक? ती पहार."

"आणि डुक्कर अंगावर आलं तर?"

"डुकराला आवाज पुरतो. मोठी बंदूक डुकरासाठी नाही घेत कोणी. शेजाऱ्याला दाखवायला घेतात."

मी हसलो आणि बाराच घेतली.

पहिल्याच आठवड्यात माझा खांदा वांग्यासारखा झाला. दुकानात जाऊन सदऱ्याचं बटण काढून दाखवलं, तर काकांनी निळ्या डागाच्या मधोमध बोट ठेवलं. "हाडावर," ते म्हणाले आणि पोटभर हसले. पण पुढच्या रविवारी स्वतःची वीस बोर घेऊन, एसटीने, न सांगता शेतावर हजर झाले.

सकाळभर आम्ही बांधाबांधाने हिंडलो. मी बारा बोर या खांद्यावरून त्या खांद्यावर करत दमलो. त्यांची वीस मात्र कोपराच्या घडीत अशी पडली होती की ते मधूनच वाकून मेथी खुडत. त्यांनी लांब एक फुटकं मडकं ठेवलं. माझ्या बंदुकीचे तीन बार वाया गेले. मग त्यांनी त्यांची बंदूक माझ्या हातात दिली आणि पिवळं काडतूस घातलं. बार झाला, मडकं उडालं, आणि ते उडताना मी पाहिलं.

"आज डोळे उघडे होते तुझे," काका म्हणाले. "बाराच्या धक्क्याला भिऊन तू आधीच मिटून घेतोस. मोठी बंदूक माणसाला आंधळं करते, रे."

त्या दिवसापासून ते मला अरेतुरे करू लागले.

माझे आजोबा संस्थानात कारकून. दसऱ्याला आमच्या घरी पोथ्या आणि दौत पुजायची पद्धत. खंडेनवमीला शस्त्र पुजायला मला काकांनी शिकवलं. तेल बेताचं, कुंकू नळीला नाही, दस्त्याला. फूल झेंडूचं. एका वर्षी निवडणुकीमुळे सगळ्यांच्या बंदुका पोलीस ठाण्यात जमा होत्या. मी सहज त्यांच्याकडे गेलो, तर पाटावर बंदूक जमा केल्याची पावती, तिला हळदकुंकू, वर झेंडू.

"काका, हे काय?"

"ती सरकारात बसलीय. तिचं नाव तर इथे आहे ना? नावाला फूल पोचतं."

पुढे दुकान बंद झालं. काका एकदा पडले, मांडी मोडली. मुलीकडे, प्रतापनगरला रेल्वेच्या क्वार्टरमध्ये राहायला गेले. जाण्याआधी त्यांनी बंदूक ठाण्यात जमा केली आणि मला बोलावून एक अर्ज हातात दिला. बंदूक माझ्या परवान्यावर चढवून द्यावी असा. खाली त्यांची सही होती. ती त्यांनी खालच्या रेघेवर अगदी जपून काढली होती.

"मागे परवाना असलेलं कोणी नाही बघायला. ठाण्यात पडली तर गंजेल. तू रोज हातात घेशील. वीस हाताळायला लागते, रे, नुसती ठेवायची नसते."

मी हो म्हणालो. मला फक्त तो अर्ज कचेरीत नेऊन द्यायचा होता.

आता जे लिहितो ते एका माणसाखेरीज कुणाला सांगितलेलं नाही. मी विसरलो नव्हतो. त्याच सुमारास माझ्या शेताशेजारच्या एका मित्राला मी हौसेने ही गोष्ट सांगितली, तर तो म्हणाला, "चिमण्या मारणार आता? परवान्यावर दुसरी चढवायचीच तर रुबाबदार काहीतरी चढव." बाजूला बसलेले चार लोक हसले. मीही हसलो. अर्ज कपाटात ठेवला आणि म्हटलं, बघू पुढच्या महिन्यात.

काकांचा फोन यायचा. "काही आलं का?"

"दिलाय अर्ज, काका. साहेब रजेवर आहेत."

"चालशे. सरकारी काम आहे."

एवढा विश्वास. तो फोन ठेवल्यावर मी कपाटाकडे पाहायचोही नाही.

शेवटचा भेटायला गेलो तेव्हा पावसाळा संपत आला होता. काका खाटेवर लहान झाले होते. मला जवळ बोलावून त्यांनी हात उचलला. मूठ वळत नव्हती. उघडाच पंजा माझ्या खांद्याशी लागला. "इथे," ते म्हणाले. मग, "काही आलं का?"

मी म्हणालो, "आलं, काका. मंजूर झालं. बंदूक माझ्याकडे आहे."

त्यांनी डोळे मिटले. "मग यंदा खंडेनवमी तुझ्याकडे," म्हणाले. "तेल बेताचं."

चार दिवसांनी ते गेले. तेराव्यानंतर मी अर्ज घेऊन कचेरीत धावलो. कारकुनाने सही पाहिली, तारीख पाहिली. "अर्जदार हयात छे?" मी नाही अशी मान हलवली. "तो साहेब, आ वहेलुं लाववुं हतुं ने," तो म्हणाला, लवकर आणायला हवं होतं एवढंच, आणि अर्ज परत माझ्याकडे सरकवला. त्याचा आवाज मऊ होता. ओरडला असता तर बरं झालं असतं.

खंडेनवमीला मी पाटावर माझी बारा बोर ठेवली होती. सकाळी दहाच्या सुमाराला बेल वाजली. दारात काकांची मुलगी. हातात झेंडूचं एक फूल आणि तेलाची छोटी बाटली.

"दादा, बाबांची तुमच्याकडे आहे ना? म्हटलं दर्शन घेऊन जावं."

ती पाटासमोर बसली. बारा बोरकडे पाहिलं. काकांची मुलगी ती, नळीचं तोंड पाहूनच ओळखलं तिने. "बाबांची कुठेय?"

मी कपाट उघडलं. अर्ज काढून तिच्या हातात दिला आणि सगळं सांगितलं, बंदूक अजून ठाण्यातच असल्याचं, मित्राच्या हसण्यासकट. ती पुष्कळ वेळ सही पाहत राहिली. मी वाट पाहत होतो, तिने काहीतरी म्हणावं.

तिने अर्ज पाटावर, बंदुकीपासून थोडा दूर ठेवला. सहीशेजारी कुंकवाचं बोट लावलं. झेंडू वर ठेवला, नमस्कार केला आणि चहा न घेता गेली. तेलाची बाटली मात्र तिने परत नेली.