सायलीचा बाण आणि गावभरचे वैद्य

आमच्या तिरंदाजी क्लबात किस्से गोळा करायला कुठे जावं लागत नाही. काजूच्या सावलीत खुर्ची टाकायची आणि गप्प बसायचं. संध्याकाळपर्यंत कोणीतरी शहाणा येतो आणि एक किस्सा करून जातो! मी मुंबईत लेथवर अर्धा जन्म काढून कट्ट्याला, म्हणजे आमच्या गावी, परत आलो, आता क्लबातली धनुष्यं दुरुस्त करतो. धनुष्यं दुरुस्त होतात. माणसांचं काही जमत नाही.

हे किस्से एकाच महिन्यातले, आणि सगळे एकाच मुलीच्या मुळावर आलेले.

सायली समुद्रकाठच्या तोंडवलीची. वडील मासेमारीला जातात. ती कंपाउंड धनुष्य चालवते, म्हणजे दोन्ही टोकांना चाकं असलेलं. पन्नास मीटरवरून तिचे सहाही बाण एका भाकरीत मावायचे. अचानक ते भरकटायला लागले. एक डावीकडे, एक वर, एक शेपूट हलवत तिसरीकडेच! जिल्ह्याची निवड चाचणी महिन्यावर आलेली, आणि वडिलांनी सांगून ठेवलेलं, "ह्या वर्साक झाला तर झाला. नायतर धनुष्य ठेव आनि कुडाळाक नर्सिंगाक जा."

मग काय, वैद्य जमा झाले.

* * *

पहिले आमचे कोच. शाळेत पीटी शिकवतात, पाच दिवसांचा कोर्स करून आले तेव्हापासून सगळे त्यांना 'सर' म्हणतात. सरांनी बोट ओलं करून वर धरलं आणि निदान केलं, "वारो!"

वारा कळावा म्हणून धनुष्याला मी लोकरीचा धागा बांधला होता. तो मेल्यासारखा लोंबत होता. सर ऐकेनात. शेवटी आम्ही काजूच्या गोदामात गेलो, दारं-खिडक्या लावून घेतल्या आणि सायलीने बाण सोडला. बाण तिरका जाऊन पोत्यात घुसला.

"आता खंयचो वारो, सर?" मी विचारलं.

सरांनी वर बघितलं. "पंखो आसा ना!"

लाईट सकाळपासून गेलेली होती.

* * *

दुसरा सुदेश, क्लबचा सेक्रेटरी. कट्ट्याला त्याचं मोबाईलचं दुकान. रात्रभर व्हिडिओ बघून सकाळी पाना घेऊन हजर. मी पोचेपर्यंत ह्याने बाण टेकतो तो रेस्ट, नेम धरायची साईट, सगळं फिरवून ठेवलेलं.

"कुठला स्क्रू किती फिरवलास?"

"सगळे थोडे थोडे."

एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि बाण मारून बघायचा, हे ह्या व्यवसायातलं पहिलं अक्षर. ते ह्याला कोण शिकवणार? दहा बाण मारून झाल्यावर तो खूश. "बघ काका, आता निदान सगळे एकाच बाजूक जातत!"

त्या बाजूला त्याची नवी मोटारसायकल उभी होती. अकरावा बाण सीटमध्ये.

* * *

मग सायलीच्या आईने देवळात गाऱ्हाणं घालून घेतलं. आईवर मी हसणार नाही, तिला दुसरं काय सुचणार? गाऱ्हाणं घालणारे गावकर मात्र रंगात आले. नारळ पुढे ठेवून डोळे मिटले, "बा देवा म्हाराजा, ह्या लेकराचो बाण अडलो आसात तर तो मोकळो कर, कोणाची नजर आसात तर ती काढ!" मागून सगळे, "होय म्हाराजा!"

दुसऱ्या दिवशी पहिलाच बाण निशाणाच्या वरून, कुंपणाच्या वरून, शेजारच्या आंब्याच्या कलमांत गेला. तीन तास शोधला.

गावकर अजिबात खजील झाले नाहीत. म्हणाले, "मोकळो कर म्हणान सांगलेलंय. खंय जावचो ता सांगूचा रवला!"

* * *

आता माझी पाळी. बाणाची पिसं रेस्टला घासत असतील, अशी मला शंका. त्याला सोपा उपाय आहे. पिसांना पावडर लावायची, बाण मारायचा, कुठे पुसली गेली ते बघायचं. मी बारा बाणांना पावडर फासली, सायलीला ते मारायला सांगितलं आणि चहाला गेलो. परत येऊन बघतो तर सगळ्या बाणांची पावडर पार गेलेली! मी चक्रावलो. बारा बाण सगळीकडून कसे घासतील?

सर रुमाल झटकत म्हणाले, "किती घाण लागली होती रे. पुसून दिले मी चेडवाक."

त्या संध्याकाळी सायली पायरीवर बसून राहिली. म्हणाली, "काकानू, सगळा करून झाला. माजोच हात वायट आसा." मला रडू आलं. दुःखाने नव्हे, रागाने!

* * *

चाचणीला चार दिवस उरले. मी कागदाची परीक्षा घ्यायची ठरवली. ताणलेल्या कागदातून बाण मारायचा. सरळ गेला तर गोल भोक, तिरका गेला तर कागद ज्या बाजूला फाटतो त्यावरून दोष कळतो. चहावाल्याकडून जुन्या पेपरांची रद्दी आणली. तीन बाण, तीन बाजूंना फाटलेला कागद.

सायली जवळ जाऊन फाटलेल्या पेपरातला एक फोटो बघत राहिली. "काकानू, ह्या माजा धनुष्य. पण बाण खंय आसा?"

फोटो आमच्या नव्या शेडच्या उद्घाटनाचा, म्हणजे बाण भरकटायला लागले त्याच्या आदल्या दिवसाचा. मधे क्लबचे अध्यक्ष बापू. कट्ट्यात ह्यांच्याशिवाय फीत कापली जात नाही. बापूंनी सायलीचं धनुष्य ताणलेलं, आणि दोरीवर बाणच नाही! तो सरांनी काढून घेतला होता. सेफ्टी! फोटोग्राफर म्हणाला "सोडा", बापूंनी सोडली, ठक्क आवाज झाला. बाण नसला की दोरीचा सगळा जोर धनुष्यावरच बसतो, चाकं वाकतात. हे कळणारा तिथे एकच माणूस होता. तो फोटोत दुसऱ्या रांगेत टाळ्या वाजवताना दिसतोय. तो मी.

सायलीच्या धनुष्याचं खालचं चाक फिरवून बघितलं. साध्या डोळ्यांना दिसेल इतकं डुलत होतं.

माझं धनुष्य त्याच बनावटीचं. त्याची चाकं, दोरी, सगळं उतरवून मी सायलीच्या धनुष्याला चढवलं. संध्याकाळपर्यंत कागदाला गोल भोक पडलं. सायली हसली, मग रडली, मग पुन्हा बाण मारायला गेली.

चाचणी आमच्याच मैदानावर. प्रमुख पाहुणे अर्थातच बापू! आले ते सरळ सायलीकडे, हात पुढे करून. "दी गो बाय धनुष्य. फोटो काढूया."

सर बाण लपवायला धावले.

सायलीने आपलं धनुष्य पाठीमागे नेलं आणि माझ्या पेटीतून माझं उचलून बापूंच्या हातात दिलं. नुसता सांगाडा. चाकं नाहीत, दोरी नाही. "बापूनू, ह्या घेवा. ह्या जास्त चांगला."

बापूंनी पाय फाकवले. एक डोळा मिटला. चिमटीत काहीही नसताना हात कानापर्यंत मागे नेला. फोटोग्राफर म्हणाला "सोडा", बापूंनी सोडली. टाळ्या!

दुसऱ्या दिवशी पेपरात चार कॉलम फोटो, 'अचूक नेम साधताना अध्यक्ष'. खाली तीन ओळींत, सायलीची राज्य स्पर्धेसाठी निवड.

फोटो आता फ्रेम करून शेडमध्ये लावलाय. सर नव्या पोरांना त्याच्यासमोर उभं करतात आणि सांगतात, "बघा बापूंचो हात. जरा तरी हलता काय?"