अडतीस आया

सातवीच्या भाषेच्या बाईंना मुलं पाठीमागे 'पूर्णविरामबाई' म्हणत. वर्गात फेऱ्या मारत बाई निबंध सांगत आणि प्रत्येक वाक्यानंतर खणखणीत आवाजात 'पूर्णविराम' म्हणत. सवय इतकी अंगवळणी पडली होती, की घरी नवऱ्याशी भांडतानाही तो शब्द तोंडातून निघून जाई आणि भांडण तिथेच मिटे. बावीस वर्षं त्यांनी सातवी सांभाळली. बाईंनी सांगायचं, मुलांनी उतरवून घ्यायचं, पाठ करायचं आणि परीक्षेत ओतून मोकळं व्हायचं. निकाल असा लागे, की कुणाला बोट ठेवायला जागा नसे. सातवीवर बाईंचा जीव होता. थोडा तोराही होता, खोटं कशाला बोला.

मग एका पालकसभेला बस चालवणारी एक आई गणवेशातच आली, लेकीची 'माझी आई' निबंधाची वही घेऊन.

"बाई, ही कोणाची आई हो?" तिने विचारलं. "पहाटे पाचला उठते, गरम जेवण वाढते, वेण्या घालते. मी तर चारलाच घर सोडते. वेण्या हिचा बाप घालतो, त्याही वाकड्या. त्या बिचाऱ्याचा यात पत्ताच नाही. आणि तुम्ही दहापैकी नऊ दिलेत!"

बाकीचे पालक हसले. बाईही हसल्या, पण चेहरा पडला तो पडलाच.

शाळा सुटल्यावर त्यांनी वह्यांचा गठ्ठा पुन्हा काढला. अडतीस वह्या, अडतीस आया, सगळ्या पहाटे पाचला उठणाऱ्या. तिसऱ्या बाकावरच्या अबोल मुलीची आईसुद्धा पाचला उठत होती. ती जाऊन पाच वर्षं झाली होती, आणि बाईंना ते ठाऊक होतं. तरी खाली त्यांच्याच लाल शाईत शेरा होता, 'उत्तम! अक्षर सुवाच्य.' बाईंना स्वतःची शरम वाटली.

दुसऱ्या दिवशी त्यांनी फर्मान काढलं. निबंध पुन्हा लिहायचा, ज्याचा त्याने.

"बाई, सुरुवात तरी सांगा!"

"एक अक्षर सांगणार नाही. आई काय करते, काय बोलते, कशाने चिडते, ते लिहा. 'प्रेमळ' हा शब्द वापरायचा नाही. प्रेमळ आहे की नाही, ते माझं मला वाचून कळू दे."

दोन दिवस मुलांनी नुसती पेनं चावली. मग खाडाखोडीने भरलेल्या वह्या येऊ लागल्या. एकीने लिहिलं होतं, आई खोटं बोलायच्या आधी घसा खाकरते.

मुख्याध्यापिका म्हणजे मोठ्या बाई. वह्या चाळता चाळता त्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या.

"निबंध पंधरा ओळींचा हवा, माहीत आहे ना? पुढच्या आठवड्यात तपासणी आहे. बाकीचं घेईन मी सांभाळून, पण ही वही बघा. तीन ओळी! एवढी तरी पूर्ण करून घ्या. नाहीतर सातवी मला दुसऱ्या कोणाला तरी द्यावी लागेल."

वही त्या अबोल मुलीची होती. 'माझी आई मी दुसरीत असताना वारली. तिला शिट्टी वाजवता यायची. मला अजून येत नाही.'

मधल्या सुट्टीत बाई तिच्या शेजारी बाकावर बसल्या.

"आणखी काही आठवतं का गं?"

मुलीने वही पुढे ओढली आणि पेन हातात घेतलं.

"बाई, तुम्हीच सांगा ना. तुम्ही सांगितलेली आई छान होती. मी भराभर उतरवून घेते."

उरलेल्या बारा ओळी बाईंच्या जिभेवर तयार होत्या, बावीस वर्षं घोटलेल्या.

"मला तुझी आई माहीत नाही गं," त्या म्हणाल्या.

वही त्यांनी तशीच, तीन ओळींची, तपासणीच्या गठ्ठ्यात ठेवली. पुढच्या वर्षी त्यांना पाचवी मिळाली.