हातातली चिप आणि भाचीचा साखरपुडा

माझ्या उजव्या हातात, अंगठ्याच्या बेचक्यात, कातडीखाली एक चिप होती. तांदळाच्या दाण्याएवढी. ती मी स्वखुशीनं, डोकं ठिकाणावर असताना बसवून घेतली होती. (डोक्याबद्दल बायकोचं मत वेगळं आहे.)

महादेवपुऱ्यातल्या आमच्या ऑफिसात हात दाखवला की दार उघडायचं, कँटीनमध्ये हात लावला की कॉफीचे पैसे भरले जायचे. शिवाय मला अपघात झालाच, तर कुणीही आपला मोबाईल माझ्या हाताजवळ धरावा, माझी सगळी वैद्यकीय माहिती समोर हजर!

"कुणीही म्हणजे अगदी कुणीही?" बायकोनं, सुमतीनं, विचारलं.

"लपवण्यासारखं आहे काय माझ्याकडं?" मी छाती फुगवून म्हणालो. आणि माहिती अगदी प्रामाणिकपणे भरली!

मग येलहंक्याला अक्काच्या मुलीचा साखरपुडा ठरला. फार स्थळं बघून झाल्यावर हे जमलेलं. अक्कानं बजावलं, "तू मामा आहेस. स्वल्प गंभीर राहा."

मी सूट घालून दारातच उभा. नवऱ्या मुलाचे वडील आले आणि त्यांनी प्रेमानं माझा हात दोन्ही हातांत धरला. त्यांच्या डाव्या हातात मोबाईल होता. नजर अधू असल्यामुळं तो त्यांना सगळं मोठ्यानं वाचून दाखवायचा.

"रक्तगट बी पॉझिटिव्ह," मोबाईल खणखणीत आवाजात म्हणाला. "पेनिसिलिन चालत नाही. मूळव्याध, जुनी. मलम, दिवसातून दोनदा."

वाजंत्रीवाले नेमके तेव्हाच कॉफीला गेले होते!

मी घाबरून मोबाईल हिसकावला. त्याच हातानं! तो पुन्हा पहिल्यापासून सुरू झाला, "रक्तगट बी पॉझिटिव्ह..."

"हे लग्न मोडलं ना, तर पुन्हा माझा उंबरा चढू नकोस!" अक्का कानात फिसकारली. तिचे डोळे भरले होते. आता मात्र मला वाटलं, आपल्यापायी पोरीचं लग्न मोडणार!

व्याह्यांनी मला दंडाला धरून कोपऱ्यात नेलं.

"जुनी म्हणजे किती जुनी?"

"बरीच," मी पुटपुटलो.

"मलम कुठलं?"

"अं?"

"अहो, मलापण आहे! घरात बोलायची लाज वाटते."

मुलामुलीनं अंगठ्या घातल्या तेव्हा आम्ही दोघं सुरणाच्या भाजीवर बोलत होतो.

पुढच्याच आठवड्यात मी चिप काढून घेतली. पण लग्नात पहिल्या रांगेत नेमक्या दोनच खुर्च्यांवर मऊ उशा ठेवलेल्या. नवरीचे मामा कुठं बसणार, हे अख्ख्या मांडवात कुणालाही विचारावं लागलं नाही!