हाड जुळलं, पाय उठले नाहीत

"हाड छान जुळलंय," एक्स-रे उजेडात धरून डॉक्टर म्हणाले आणि मला आनंदाने रडू आलं. मग त्यांनी उभं राहायला सांगितलं. वॉकर धरून उठले. मांड्या लटलटल्या, दम लागला, आणि मी परत खाटेवर बसले.

"याला डिसयूज ॲट्रॉफी म्हणतात." म्हणजे न वापरल्यामुळे स्नायू झिजणं.

मी गोंडपिपरी तालुक्यात अंगणवाडी सेविका. स्कूटीवरून पडून मांडीचं हाड मोडलं. चंद्रपूरला ऑपरेशन झालं, पण जखमेत पू झाला. पावसाळ्यात पडलेली मी उन्हाळ्यापर्यंत खाटेवरच होते. नवरा अंडी, दूध हातात आणून द्यायचा. तरी पायांच्या काड्या झाल्या. पोट सुटलं, साखरही वाढली.

"मी त पोटभर जेवत होती डॉक्टर. मंग असं काऊन?"

त्यांनी समजावलं. स्नायूंच्या पेशींत मायटोकॉन्ड्रिया असतात, म्हणजे अन्नातून ऊर्जा बनवणारे बारीक भाग. स्नायू फार दिवस हलले नाहीत की ते कमी होतात, मंदावतात. रक्तात साखर असते, पण स्नायूला ती नीट वापरता येत नाही. थोडक्या कामातही तो थकतो.

"ताकद येईल, ताई. पण सावकाश."

त्याच आठवड्यात भावाचा फोन आला. "बाई, बाबा गेले."

माहेरच्या गावात पोचलो. बाबांना पुरायला न्यायचं होतं धानाच्या बांध्यांमधल्या अरुंद धुऱ्यावरून, म्हणजे शेताच्या बांधावरून. ऑटो रस्त्यावरच थांबला. वॉकर घेऊन उतरले, जरा पुढे गेले आणि पायांतलं बळ संपलं.

"उचलून नेतो तुले," नवरा म्हणाला.

"नाई. धुऱ्यावर दोघंही पडू. तुम्ही जा, बाबाले खांदा द्या."

तो गेला. मी तिथेच बसले. दुरून बुद्धवंदनेतलं त्रिसरण ऐकू आलं. मीही बसल्या जागी हात जोडून म्हणायला लागले.

आता मी चालते. फिजिओथेरपीच्या ताईंनी आधी बसल्या जागी पाय उचलायला लावले, मग भिंत धरून उभं केलं. मी रडले, चिडले, तरी त्यांनी सोडलं नाही. त्यांचे उपकार कसे फेडू? साखरही उतरली. तुमच्या घरी कुणी खाटेला खिळलं असेल, तर डॉक्टरांना लवकर विचारा, पडल्या पडल्या काय हलवायचं.

माझे पाय पुष्कळसे परत आले. बाबांना मूठभर माती द्यायची राहिली, ती राहिलीच.