गोकर्णीच्या शेंगा

एकनाथराव हैदराबादेत अंबरपेठच्या पलीकडे गुरांच्या सरकारी फार्मावर नोकरीला होते. कुरणातल्या मारवेल गवतात त्यांनी गोकर्णीचे वेल लावले, तेव्हा देवाची फुलं गुरांना कशाला, असं साहेबांनी विचारलं. एकनाथरावांनी शांतपणे समजावलं. वेल एकदा रुजला की वर्षानुवर्षं फुटतो, जमिनीचा कस वाढवतो आणि गाय गवत सोडून आधी त्यालाच तोंड लावते. पहिल्या वर्षी मात्र गुरं आत सोडायची नाहीत. शेंगा वाळून बी सांडलं की कुरण आपलं आपण भरतं. साहेब म्हणाले, ठीक, पण शेंगा धरल्या नाहीत तर नांगर फिरवीन.

एकनाथरावांनी काटेरी तार लावली, राखणदार बसवला. वेल गवतावर झकास चढला. श्रावण सरला, नवरात्र गेलं, शेंगेचा पत्ता नाही. कुणाची गुरं शिरतात, म्हणून त्यांनी राखणदाराला फैलावर घेतलं.

"साब, ढोरां नहीं आते," तो खाली बघत म्हणाला. "बाईसाब आते. फुलां तोडको ले जाते."

घरी देव्हाऱ्यातला महादेव निळ्या फुलांत बुडालेला होता. तो रोजच असायचा, पण एकनाथरावांनी त्याच्याकडे कधी नीट पाहिलं नव्हतं. त्यांच्या पत्नी चतुराबाईंनी काही लपवलं नाही. हैदराबाद राज्याचे तुकडे होणार, मराठी नोकरदारांना मराठवाड्यात धाडणार, असं जो तो बोलत होता. त्यांचं माहेर बरकतपुऱ्यात, आई अंथरुणाला खिळलेली. बदली टळावी म्हणून त्यांनी महादेवाला रोज फुलं बोलली होती. एकनाथरावांना संताप आला, पण भांडणाची सुरुवात कुठून करावी ते सुचेना. मग ते जेवायला बसले.

नोव्हेंबरात राज्य वाटलं गेलं. खुर्च्या वाटल्या, वळू वाटले, आणि एकनाथराव परभणीच्या वाट्याला गेले. चतुराबाईंनी महादेवाशी अबोला धरला. फुलं बंद झाली, आणि वेल शेंगांनी लगडला. नांगर टळला.

निघायच्या आधी दोघं कुरणात वाळक्या शेंगा वेचत होती. निम्म्या तिथंच राहू द्यायच्या, निम्म्या बरोबर न्यायच्या. चतुराबाईंना आईची आठवण येऊन मधेच रडू फुटत होतं.

"तिकडं रुजेल का हे?" त्यांनी विचारलं.

"रुजेल. पहिलं वर्ष कुणी त्रास दिला नाही तर."

"मग मलाही पहिलं वर्ष काही म्हणू नका."

परभणीला एकनाथरावांनी वर्षभर खरंच काही म्हटलं नाही. आईकडे जायचं निघालं की हैदराबादचं तिकीट तेवढं काढून आणायचे.