पुसलेल्या सात जागा

मुलांनो, मागच्या फोनवर तुम्ही दोघांनी तुमच्या आवडत्या, तरुणपणीच गेलेल्या रॅपरबद्दल सांगितलंत आणि वर विचारलंत, "आजी, रॅप म्हणजे काय ठाऊक आहे का?" ठाऊक आहे. मी इंग्रजी शिकवायचे तेव्हा माझ्या वर्गात असा एक पोरगा होता. दहावीला इंग्रजीत दोनदा नापास झालेला.

पुढे तो ब्रह्मपुरीच्या स्टँडवर काळीपिवळी जीपचा क्लीनर झाला. मागच्या पायरीवर लटकून, टपावर थापा देत गावं पुकारायचा: "नागभीड, शिंदेवाही, राजोली, मूल, बस गा भाऊ दाटून, मांडीवर घे मूल!" लोक हसत हसत चढायचे. मग जीपमध्ये कुणीतरी रॅपची हिंदी कॅसेट लावली आणि त्याला कळलं, आपण करतो त्याला नाव आहे. आजही तिथली पोरं त्याच चालीत गावं पुकारतात. चाल कुणाची, हे त्यांना माहीत नाही.

शाळेतल्या उच्चारांच्या सरावासाठी मी टेपरेकॉर्डर घेतला होता. एका दुपारी हा पोरगा तेलाचा रिकामा डबा घेऊन दारात उभा राहिला.

"बाई, मले रेकॉर्ड करून पाह्याचं हाय."

"काय, इंग्रजी कविता?"

"कविता तुमी म्हना, ठेका मी देतो."

मी त्याला कोरी कॅसेट दिली. त्याने गाणं केलं ते आईवर. त्याची आई बाजारात मासे विकायची आणि तिच्या तोंडापुढे सगळा बाजार गप्प बसायचा. "कोंबडं थकलं, ऊन आलं माथी, मायनं घेतली फुकनी हाती," असं तो भरभर म्हणत जाई. मग डबा थांबे, आणि हुबेहूब आईच्या आवाजात शिवी येई: "वाघ नेवो तुले!" लगेच त्याचं स्वतःचं हसणं, आणि पुन्हा ठेका. सात कडवी, सात शिव्या. इकडच्या आया लेकरांना अशाच उठवतात. लेकरं ऐकतात आणि कुशीवर वळतात.

पुढच्या पावसाळ्यात तो जीपबरोबर भामरागडला गेला. नद्या चढल्या, रस्ता तुटला. तिकडेच त्याला ताप आला. पाचव्या दिवशी डोंग्यातून अलीकडे आणलं, तेव्हा मलेरिया मेंदूत गेला होता. एकविसावं संपायच्या आत तो गेला.

त्यानंतर त्याच्या आईने तोंड मिटलं. गिऱ्हाइकाने भाव विचारला तर ती नुसती बोटं दाखवी. शेजारची भाजीवाली मला म्हणाली, "निघाला त्या सकाळी तिनं त्याले तिरडीची शिवी घातली होती. आता म्हन्ते, शिवी खरी झाली, मायंच तोंड लागलं पोराले."

वर्ष झालं आणि ती माझ्या दारात आली. "बाई, तुमच्यापाशी त्याचा आवाज हाय म्हन्ते. मले आयकवा."

गाण्यात तिच्याच सात शिव्या होत्या, तिरडीचीही. पुढच्या बाजारच्या दिवशी ये, असं सांगून मी तिला परत पाठवलं.

त्या आठवड्यात मी दार लावून घेतलं. गाणं ऐकत प्रत्येक शिवी सुरू होते आणि संपते ते टेपच्या काउंटरवरचे आकडे वहीत लिहिले. मग रेकॉर्डच्या बटणावर बोट ठेवलं. क्षणभर जास्त दाबलं असतं तर पाठोपाठचं हसणंही गेलं असतं. दुसरी प्रत नव्हती. श्वास रोखून सातही जागा पुसल्या. घाम पुसून ऐकलं, तर शिव्यांच्या जागी माझं भिंतीवरचं घड्याळ टिकटिकत होतं. मला वाटलं, तिला जपलं.

बाजारच्या दिवशी ती आली. पाटी बाहेर ठेवून उंबऱ्यापाशी बसली. मी टेप लावला. पहिलं कडवं, टिकटिक, हसणं. तिने माझ्याकडे पाहिलं. दुसरं कडवं, टिकटिक, हसणं. तिसऱ्याला तिने हात उचलला. मी टेप थांबवला.

"इथी काय होतं?"

"टेप जुनी झाली गं बाई."

"मी शिवी घालतो तिथीच काऊन जुनी झाली?"

मग मी खरं सांगितलं: सातही शिव्या मीच पुसल्या, तिरडीचीही.

"म्हंजे तुमालेबी तसंच वाटते. मायंच तोंड लागलं."

"नाही गं. मलेरिया होता. डासांमुळे होतो. नदी चढली, औषध वेळेवर—"

"मलेरिया मले डाक्टरनं सांगतलं. तुमी पुसलं काऊन?"

बटणावर बोट होतं तेव्हा त्या शब्दांची मलाही भीती वाटली होती. इतकी शिकलेली मी.

"तिरडीचं कडवं कितवं हाय?" तिने विचारलं.

"चौथं."

"लावा. आन तिथी तुमी म्हना."

"मी?"

"पुसलं तुमी, भरा बी तुमीच."

मी चौथं कडवं लावलं. डबा थांबला. माझी जीभ उचलेना. घड्याळ टिकटिकलं आणि तो हसला.

"मांगं फिरवा."

दुसऱ्यांदा मी म्हटलं, पण हळू आणि उशिरा. अर्धं त्याच्या हसण्याखाली दबलं.

"बाई, पोराले उठवून राह्यल्या का हजेरी घेऊन राह्यल्या? जोरात म्हना! कुशीवर वळला तो."

तिसऱ्यांदा मी उभी राहिले. डबा थांबला.

"उठ बे, तुयी तिरडी निघो!"

मी ओरडले, आणि त्याला लागूनच तो हसला. पोट धरून हसावं तसा, मोकळा. त्या हसण्यात कुठेही काही लागलेलं नव्हतं.

ती मान खाली घालून ऐकत होती. ठेका पुन्हा सुरू झाला, कडवं पुढे गेलं.

"हासला," ती म्हणाली. "हासलाच तो."

मग पदर खोचून टेपजवळ सरकली.

"फिरवा पह्यल्यापासून. बाकीच्या मी म्हन्तो."