वंगण आणि लांब दांड्याचा पाना

आमच्या घरी दिवाणाखाली एक लोखंडी पेटी आहे. पाहुण्यांना वाटतं, तिच्यात दागिने असतील. आहेत की! लांब दांड्याचा एक पाना, त्याच्या टोकाला बसणारी, नटावर चढवायची गोटी, बाटलीसारखा उभा जॅक, जुन्या बैलबंडीची एक फळी आणि टक् असा आवाज करणारा आणखी एक पाना. फळी सोडली तर यातली एकेक वस्तू मी बाजारात वांगी निवडतात तशी उचलून, फिरवून, नाक मुरडून घेतली आहे.

ही वेळ आली मामीजींमुळे. सासूबाईंना मी मामीजी म्हणते आणि सासऱ्यांना मामाजी. मामीजींच्या किडन्या थकल्या तेव्हापासून त्यांना ठरल्या वारी वाशिमला डायलिसिसला न्यावं लागतं. आमचा भाजीचा मळा इंझोरीकडचा. नवरा उजाडायच्या आत माल घेऊन कारंजाच्या बाजाराला जातो, मामाजींना डोळ्यांनी नीट दिसत नाही, म्हणून आमची जुनी मोटार माझ्या हाती आली. दवाखान्यातल्या मशीनची वेळ ठरलेली असते. ती चुकली की दुसऱ्याचा नंबर लागतो, आणि मामीजींच्या अंगात पाणी चढत जातं.

एकदा तसं झालंच. वाटेत पुढचं चाक बसलं. पोहरादेवीची यात्रा होती, पंक्चरवाला दुकान बंद करून तिकडे गेलेला. गाडीसोबत आलेला वीतभर पाना मी नटाला लावला, दोन्ही हातांनी ओढला, शेवटी चप्पल काढून त्याच्यावर उभी राहिले. नट कसला हलतो! गॅरेजात ते हवेच्या मशीननं आवळतात; तिथं माझ्यासारख्या काटकुळ्या बाईचा काय पाड लागणार? एका टँकरवाल्या भावानं थांबून चाक बदलून दिलं, त्याचं भलं होवो. पण वेळ गेली ती गेलीच. त्या रात्री मामीजी उशीला टेकून बसून राहिल्या, आडव्या होताच त्यांना श्वास पुरेना. मी त्यांचे सुजलेले पाय चोळत होते आणि मनात त्या वीतभर पान्याला शिव्या घालत होते.

दुसऱ्याच आठवड्यात आम्ही हत्यारांच्या दुकानात गेलो. नवऱ्याला चकचकीत डब्यातला मोठा सेट आवडला. त्यात इतक्या गोट्या होत्या की ट्रॅक्टर खोलून पुन्हा जोडता आला असता.

"मले हे लगनात आंदन द्याचं नाई, चाक काढाचं हाय," मी म्हटलं. "मायाच्यानं हालन असा एक पाना पायजे."

दुकानदार हसला, पण त्यानं लांब दांड्याचा पाना काढून दिला. दांडा लांब असला की जोर कमी लागतो, हे विहिरीच्या रहाटानं मला लहानपणीच शिकवलं होतं. आमच्या नटाच्या मापाची गोटी घेतली, कारण ढिली गोटी नटाचे कोपरे खाते. गाडीतला जॅक फिरवता फिरवता दम निघायचा, म्हणून दांडीनं पंप करायचा उभा जॅक घेतला.

घरी येऊन अंगणात तालीम केली आणि लगेच फजिती झाली. आमची माती काळी. गाडी उचलायची सोडून जॅक स्वतःच मातीत शिरायला लागला. मामाजी ओट्यावरून उठले, गोठ्यामागून मोडक्या बैलबंडीची बाभळीची फळी घेऊन आले आणि म्हणाले, "ह्या मातीत पाय ठिवाचा तं फळी लागतेच. घे, इच्यावर ठिव." फळीवर जॅक ठरला. मागच्या चाकाला दगड लावायचा, गाडी जमिनीवर असतानाच नट सैल करायचे, मग उचलायची, हे हळूहळू माझ्या हाताला बसलं. मामीजी खुर्चीवर बसून पाहत होत्या. चाक निघालं तेव्हा त्यांनी टाळ्या वाजवल्या. मला दहावी पास झाल्यावरही एवढा आनंद झाला नव्हता.

पण पुढच्याच खेपेला, वाशिमच्या वाटेवर, पुढून खडखड ऐकू आली. उतरून नटाला हात लावला तर तो बोटांनी फिरला! सगळे नट काळ्या वंगणानं माखलेले. फडक्यानं पुसता येईल तेवढं पुसलं, लांब पान्यानं आवळलं, हळू हळू गाडी नेली आणि मशीनच्या वेळेआधी पोचलो. मामीजींना आत पाठवून मी बाहेरच्या बाकावर बसले आणि रडले. पाना नसता तर त्या चाकानं आम्हा दोघींना कुठं नेऊन टाकलं असतं!

घरी येईस्तोवर माझा पारा चढलेला. मामाजी दारातच उभे होते.

"मामाजी, चाकाले वंगन कोनं लावलं?"

"मीनं लावलं, तुया लांब पान्यानं एकेक नट काढून," ते अभिमानानं म्हणाले. "बंडीले नव्हतो का लावत, गावाले निंगाच्या आंदी? वंगनाबिगर चाक सुखानं फिरत नाई. तिले धक्का लागू नये म्हून लावलं, माय."

माझा पारा उतरला. ज्या माणसानं जन्मभर बंडीच्या आसाला वंगण घातलं, त्यानं बायकोसाठी मोटारीलाही घातलं. मी त्यांना पाणी दिलं, शेजारी बसले आणि सांगितलं की बंडीचं चाक आसावर फिरतं, म्हणून तिथं वंगण. मोटारीचे नट फिरायला नकोत, म्हणून ते कोरडे. त्या दिवशी मामाजी नीट जेवले नाहीत, आणि दुसऱ्या सकाळी आम्ही नट घासून कोरडे करत होतो तेव्हा गाडीजवळ आले नाहीत.

मग मी तो शेवटचा पाना आणला. त्याच्या दांड्यावरच्या आकड्यावर गाडीला लागेल तेवढा जोर आधीच ठरवून ठेवायचा. नट तेवढा आवळला गेला की पाना टक् वाजतो आणि हाताला झटका कळतो. दिसायची गरजच नाही. मी तो मामाजींच्या हातात दिला. "आता निंगाच्या आंदी नट पाहाचं काम तुमचं. टक् वाजला की थांबाचं."

त्यांनी तो दोन्ही हातांनी घेतला, नैवेद्याचं ताट घ्यावं तसा.

आता वाशिमला जायच्या सकाळी मामीजी आधी गाडीत बसतात. मामाजी चाकामागून चाक चाचपत गाडीभोवती फिरतात. मी पेटी भरून ठेवते आणि ज्यानं ज्यानं मला हे शिकवलं त्या सगळ्यांचे मनात आभार मानते. टँकरवाल्या भावाचे, हसणाऱ्या दुकानदाराचे, काळ्या मातीचेसुद्धा. परवा मामीजी खिडकीतून हळूच मला म्हणाल्या, "पुरा जलम गेला, तुह्या मामाजीनं मले कदी 'कशी हायेस' म्हनून इचारलं नाई. आता पाय, चाकाचाकापाशी इचारून राह्यले."

बाहेर टक् वाजलं.

"बरी हावो," मामीजी आतून म्हणाल्या, आणि मामाजी पुढच्या चाकाकडे गेले.